पुतळा कुणाच्या बोलीत बोलतो?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. अडखळणं आणि तेच तेच परत म्हणणं काढून टाकलंय. बोली मात्र जशी होती तशीच ठेवलीय.)

दरवेळी आपल्याकडं कुणीतरी पाहुणा असतो, आज मी एकटाच आहे. विषय आहे एक ग्रीक गोष्ट. आता तुम्ही म्हणाल, हा बीडचा पोरगा, पुण्यात बसून कोड लिहितो, याला मधूनच ग्रीक कुठून सुचलं? तर ही गोष्ट सायप्रस बेटावरून निघाली, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क करत मुंबईला आली आणि तिथून अंबाजोगाईच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोचली. तिथं तिनं मला गाठलं.

पण माझी तिची पहिली भेट झाली ती पार उलट्या टोकाकडून. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट होता, चॅटबॉट बनवायचा. सर म्हणाले, आधी एलायझाबद्दल वाचून या. एलायझा म्हणजे जगातला पहिला गाजलेला चॅटबॉट. एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली त्याबद्दल लिहिलं. तुम्ही टाइप केलं की मी उदास आहे, की तो विचारणार, तुम्ही उदास का आहात? त्याला कळत काहीच नव्हतं, तुमचेच शब्द फिरवून तो तुम्हाला परत द्यायचा. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले. त्याला हे नाव का दिलं? तर बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात एलायझा डूलिटल नावाची फुलं विकणारी पोरगी आहे. तिला नीट बोलायला शिकवत जातात, तसं या प्रोग्रामलाही शिकवता येतं, म्हणून. व्हायव्हात मी एवढं सांगितलं, मार्क मिळाले, विषय संपला.

पुढं बऱ्याच वर्षांनी डोक्यात ट्यूब पेटली की ही एलायझा म्हणजे आपली मंजुळाच की! पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा. मग मी मागं मागं जात राहिलो. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट हिस्ट्री उघडून बसलो.

सगळ्यात जुनी जी नोंद आपल्याला नीट वाचायला मिळते ती रोमन कवी ओव्हिडची, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. गोष्ट ग्रीक, लिहिली लॅटिनमध्ये. सायप्रसमध्ये पिग्मॅलियन नावाचा एक मूर्तिकार असतो. आजूबाजूच्या बायका त्याला पसंत नसतात. म्हणून तो हस्तिदंताची एक बाई कोरतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. तिला शंख-शिंपले आणतो, फुलं आणतो, कपडे-दागिने घालतो. मग व्हीनस देवीची जत्रा येते. तो लाजत लाजत नवस बोलतो की माझ्या मूर्तीसारखी बायको दे. घरी येऊन हात लावतो तर मूर्ती गरम लागते. उन्हात मेण मऊ व्हावं तसं हस्तिदंत मऊ होतं. लग्न होतं, मुलगी होते, गोष्ट संपते.

यात दोन गोष्टी बघा. एक, ओव्हिडच्या ग्रंथात ही गोष्ट गाण्यातून येते, ऑर्फियस नावाचा गायक ती गाऊन सांगतो. म्हणजे संगीत नंतर कुणी चिकटवलेलं नाही, ते पहिल्यापासूनच आहे. आणि दोन, त्या बाईला नाव नाही, आणि अख्ख्या गोष्टीत ती एक शब्द बोलत नाही. डोळे उघडते, तिला आभाळ आणि तो माणूस एकदमच दिसतात. बस्स.

यानंतर जेवढ्या लोकांनी ही गोष्ट पुन्हा सांगितली, त्या सगळ्यांपुढं एकच प्रश्न होता. ही बाई जिवंत झाली खरी, आता ती करणार काय?

पहिलं उत्तर आलं, नाचेल. १७३४ साली लंडनला मारी साले नावाच्या फ्रेंच नर्तिकेनं हा पुतळा साकारला. त्या काळात नाचणाऱ्या बायकांना मोठे फुगीर घागरे आणि जड वेशभूषा करावी लागायची. तिनं ते सगळं टाकलं आणि साध्या मलमलीच्या कपड्यात, केस मोकळे सोडून नाचली. मग १७४८ मध्ये पॅरिसला रामो या संगीतकारानं या गोष्टीवर नाच-गाण्याची एकांकिकाच केली. त्यात पुतळा जिवंत झाल्यावर त्याला एकामागून एक नाच शिकवले जातात. शिकवणी इथूनच सुरू झाली बघा! बाई जिवंत झाली रे झाली की कुणीतरी शिकवायला हजर.

दुसरं उत्तर, बोलेल. रूसोनं याच गोष्टीवर एक छोटं संगीतमय नाटक लिहिलं, ते १७७० ला रंगमंचावर आलं. त्यात ती स्वतःला हात लावून पहिला शब्द म्हणते तो 'मी'. एकच शब्द, पण आधीच्या दीड-दोन हजार वर्षांत तिला तेवढाही मिळाला नव्हता.

तिसरं उत्तर शॉचं, भांडेल. १९१३ ला व्हिएन्नात आणि १९१४ ला लंडनला हे नाटक झालं. शॉनं देव-देवी काढून टाकले, मूर्तिकाराच्या जागी उच्चारशास्त्राचा प्रोफेसर आणला, आणि हस्तिदंताच्या जागी काय आणलं तर त्या पोरीची बोली. छिन्नी चालते ती तिच्या जिभेवर. आणि एक फार महत्त्वाचं. एलायझाला कुणी पकडून आणलेलं नाही. ती स्वतः येते, पैसे द्यायची तयारी दाखवते. रस्त्यावर टोपली घेऊन फिरण्यापेक्षा तिला दुकानात नोकरी हवी असते, आणि तिच्या बोलण्यामुळं तिला कुणी दारात उभं करत नाही. हे लक्षात ठेवा, मला याकडं परत यायचंय.

शॉनं जिवंत असेपर्यंत या नाटकाचं संगीत नाटक करू दिलं नाही. १९५० ला तो गेला आणि १९५६ मध्ये न्यूयॉर्कला 'माय फेअर लेडी' आलं. लेखन आणि गाणी लर्नरची, संगीत लोवेचं. सलग २७१७ प्रयोग झाले. आता गाण्यानं नेमकं काय केलं ते सांगतो. शॉच्या मूळ नाटकात शिकवणीचा मोठा भाग पडद्यामागं घडतो, ती जिथं जिंकते ती मेजवानीसुद्धा आपल्याला दिसत नाही. संगीत नाटकानं या दोन्ही गोष्टी उचलून समोर आणल्या. रात्र रात्र घोकून, वैतागून शेवटी एकदा तिला तो उच्चार जमतो, तेव्हा ती, प्रोफेसर आणि त्याचा मित्र, तिघं गायला-नाचायला लागतात. शिकल्याचा आनंद नुसत्या बोलण्यात मावत नाही. पहिला प्रोग्राम एरर न देता चालला तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत काय केलं होतं ते मला आठवतं, सांगत नाही.

आणि याच गोष्टीतली सगळ्यात विचित्र गंमत. १९६४ ला सिनेमा आला. ऑड्री हेपबर्न एलायझा झाली, पण तिची बहुतेक गाणी गायली मार्नी निक्सननं. बाईला आवाज मिळण्याची गोष्ट, आणि पडद्यावरच्या बाईचा गाण्यातला आवाज दुसरीचा!

आता मुंबईला येऊ. २९ जानेवारी १९७५. पुलंची 'ती फुलराणी' रंगभूमीवर आली. मंजुळा झाल्या भक्ती बर्वे, प्रोफेसर झाले सतीश दुभाषी. भक्तीताई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या. म्हणजे ज्यांची मराठी महाराष्ट्रानं प्रमाण मानून ऐकली, त्यांनीच ही रस्त्यावरची पोरगी उभी केली. त्यांच्यानंतर प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा कितीजणी मंजुळा झाल्या. २०२३ मध्ये 'फुलराणी' नावाचा सिनेमाही येऊन गेला.

तुम्ही म्हणाल, हे काही संगीत नाटक नाही. बरोबर, पण मंजुळाचं ते स्वगत आठवा, प्रोफेसरवर चिडून ती एकटीच बोलते ते. शॉच्या नाटकात असं स्वगत नाही. 'माय फेअर लेडी'त त्या ठिकाणी एक गाणं आहे. पुलंनी तिथं ठेक्यातलं, यमकं जुळवत जाणारं बोलणं घातलं. पेटी वाजवणारा, चाली लावणारा माणूस तो. गाणं नाही म्हणता म्हणता अर्धं गाणंच करून ठेवलंय.

आणि एक हत्यार पुलंकडं होतं जे शॉकडं नव्हतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. म्हणून शॉच्या एलायझाला सांगावं लागतं की मला पहिल्यांदा कुणीतरी मिस डूलिटल म्हणालं, तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. मराठीत हे सांगावंच लागत नाही. आपल्याकडं 'तू' आहे आणि 'तुम्ही' आहे. मंजुळा त्या स्वगतात एवढ्या मोठ्या प्रोफेसरला 'तू' म्हणते. समोर तो नसतो, म्हणून म्हणते. त्या एका 'तू'मध्ये अख्खं नाटक आहे असं मला वाटतं.

हे मला सुचलं ते माझ्या मामेबहिणीमुळं. ती अंबाजोगाईला बी.एस्सी. करते. मागच्या गॅदरिंगला तिनं हेच स्वगत घेतलं होतं. एकपात्री म्हटलं की दर वर्षी एक तरी मंजुळा असतेच, हे तुम्हालाही माहितीय. व्हिडिओ कॉलवर तिनं मला करून दाखवलं. पाठ चांगलं होतं, पण काहीतरी खटकत होतं. मग कळलं, ती मुंबईची टोन काढत होती. एरवी "दादा, काय करायलास?" असं विचारणारी पोरगी गावठी वाटावं म्हणून दुसऱ्याच गावचं गावठी घोकत होती!

मी म्हटलं, "अगं, तू आपलंच बोल की. तुला वेगळं कामून बोलावं लागतं?"

ती म्हणाली, "दादा, मंजुळा अशी बोलत न्हाई. कशी बोलती ते यूट्यूबला हाय." आणि मग जरा थांबून म्हणाली, "आपलं बोलले तर खरंच येडपट वाटंल ना. तिचं बोलले तर ॲक्टिंग वाटंल."

मंडळी, मी गप्पच बसलो. कारण हे वाक्य माझंच होतं. मी फक्त कधी म्हणालो नव्हतो.

मी पुण्याला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा पहिल्याच प्रेझेंटेशनला 'पाणी' म्हणताना 'पानी' म्हणालो. पाण्याच्या पंपाचं सेन्सर सर्किट होतं, त्यामुळं तो शब्द दहा वेळा येणारच होता. तिसऱ्या वेळेपासून मागचा बाक माझ्याबरोबर म्हणायला लागला. मास्तरही हसले. मग मी काय केलं? रूमवर जाऊन आरशासमोर 'ण' घोकला. बाण, कोण, लोणी, गाणी. नोकरी लागल्यावर कंपनीनं उच्चार सुधारायच्या ट्रेनिंगला बसवलं, तिथं इंग्रजीवर तेच झालं. मला कुणी धरून नेलं नव्हतं, एलायझासारखा मी स्वतः गेलो. आणि फायदा झाला हेही खरं आहे. आज मी क्लायंटच्या कॉलवर निवांत बोलतो. शिकूच नये असं मी कधीच म्हणणार नाही. जो म्हणतो की आपली बोली सांभाळा, प्रमाण भाषा शिकू नका, त्याची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत आहेत ते आधी बघा.

माझी तक्रार वेगळी आहे. चौथ्या वर्षाला असताना घरून फोन आला. मी दोन मिनिटं बोललो आणि आई म्हणाली, "काय रं, असा परक्यावानी कामून बोलायलास? कुनी बसलंय का जवळ?" जवळ कुणीच नव्हतं. मी एकटाच होतो खोलीत.

आमच्याकडच्या ऊसतोड्यांच्या पोरांना हे माझ्याही आधी कळतं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबत गेलेलं लेकरू तिथल्या शाळेत बसलंच, तर तोंड उघडताच कळतं की हे बीडकडचं. एप्रिल-मेला गावी येतं तेव्हा बोलण्यात दोन शब्द तिकडचे असतात, मग इथली पोरं चिडवतात.

आणि गंमत बघा. ज्या अंबाजोगाईत माझी बहीण आपलं बोलायला लाजते, तिथं मुकुंदराजांची समाधी आहे. आद्यकवी म्हणतो आपण त्यांना. 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात. तिथंच दासोपंत झाले, ज्यांनी भल्यामोठ्या कापडावर पासोडी लिहिली. पुढं १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार आणि शिक्षण उर्दूत. पुण्यात पाठ्यपुस्तकांची मराठी घडत होती तेव्हा आपण त्या वर्गातच नव्हतो. नंतर येऊन बसलो, आणि बसल्या बसल्या कळलं की आपली अशुद्ध आहे.

मग मला प्रश्न पडला. आपल्याकडं अशी जागा आहे का, जिथं जुनी गोष्ट गाऊन-नाचून सांगतात आणि तिथं आपल्या बोलीला कुणी हसत नाही? उत्तर घरातच होतं. गोंधळ.

लग्नानंतर गोंधळ घालतात ते तुम्ही पाहिलंच असेल. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ, तुणतुणं, झांज. नाईक कथा लावतो आणि साथीदार मधी मधी खुळ्यासारखे प्रश्न विचारतो, सगळे हसतात. आणि त्या कथेत देवी कशी बोलते? आमच्या आजीसारखी बोलते. राजा पाटलासारखा बोलतो. हजारो वर्षांपूर्वीची कथा, पण त्यात मोबाइल पण येतो आणि सोयाबीनचा भाव पण येतो. देवीला कुणी म्हणत नाही की आधी ण नीट म्हण. ब्रॉडवेवर जे कोट्यवधी खर्चून करतात, जुनी कथा, आजची भाषा, संगीत, नाच, ते आपल्या अंगणात रात्रभर चालतं. आणि तिथं कथेतली बाई बोलीत बोलते म्हणून विनोदी ठरत नाही. विनोद साथीदार करतो. ती बोलते तेव्हा बाया पदर डोळ्याला लावतात.

बघा, मंजुळावर आपण हसतो, मग तिच्यासाठी टाळ्या वाजवतो. पण टाळ्या वाजवताना सुद्धा आपण बहुतेक वेळा प्रोफेसरच्या बाजूच्या खुर्चीत बसलेले असतो. बीडच्या पोरीनं ते नाटक केलं तर तिनं कुठल्या खुर्चीत बसायचं, हा माझा प्रश्न आहे.

बहिणीनं गॅदरिंगला यूट्यूबवालंच केलं. दुसरा नंबर आला. मी काही बोललो नाही, तिचा नंबर, तिचा निर्णय.

मग मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न झालं. गोंधळ झाला, पहाटेचे तीन-साडेतीन वाजले असतील, चहाची वाट बघत मंडळी बसली होती. मावशी म्हणाली, तुझं ते नाटकातलं कर की. ती उठली. मला वाटलं आता तेच ऐकायला मिळणार. पण तिनं स्वतःचंच काहीतरी जुळवलेलं सुरू केलं. शाळेत कुणी एका बाईंनी तिला आधी मराठी नीट बोल म्हणून बाकावर उभं केलं होतं, त्यांना उद्देशून. सगळं आपल्या बोलीत. मला त्यातलं एवढंच नीट आठवतंय, की तुमी मला ण शिकवायला आल्ता, आता बसा, म्या तुमाला न शिकविते. संबळवाल्यानं दोन-तीनदा ठेका दिला. आजी हसली, मग हसायची थांबली. तेवढ्यात चहा आला आणि ती बसली. कुणी व्हिडिओ घेतला नाही. मी पण नाही.

'माय फेअर लेडी' २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये परत आलं तेव्हा दिग्दर्शकानं शेवट बदलून टाकला. आधी एलायझा परत येते आणि प्रोफेसर तिला चपला कुठंयत म्हणून विचारतो, अशा ठिकाणी संपायचं. नव्या प्रयोगात ती रंगमंचावरून खाली उतरते आणि प्रेक्षकांमधून चालत बाहेर निघून जाते. मी वाचलं तेव्हा वाटलं, वा. पण मग वाटलं, ती बाहेर गेली, ठीक. पण बाहेर जाऊन बोलते कशी? घरी फोन लावला तर कुठल्या बोलीत?

मागच्या आठवड्यात मी आजीला फोनवर बोलून टाइप करायचं शिकवत होतो. ती म्हणाली, पोरगं काय करायलंय. फोननं 'करायलंय'चं भलतंच काहीतरी केलं. ती परत म्हणाली, परत चुकलं. तिसऱ्या वेळी आजी फोनकडं बघून हळू, सावकाश, पुस्तकासारखं बोलायचा प्रयत्न करायला लागली. ऐंशीच्या पुढची बाई. मी फोन काढून घेतला. असली सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या लोकांतलाच मी एक आहे, म्हणून जास्त लागलं. मशीनला तिची बोली शिकवायची सोडून आपण तिला मशीनची शिकवायला निघालो. एलायझा हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं निदान शिकायचं काम मशीनकडं तरी दिलं होतं.

तर आजचं काम असं. तुमच्या घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल, त्याला एखादी देवाधर्माची गोष्ट सांगायला लावा, त्याच्या बोलीत, आणि रेकॉर्ड करून ठेवा. मधी थांबवून दुरुस्त करू नका. वाटलं तर मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू, नाव न घेता.

मी आईला फोन लावतो आता. येतो मग. न्हाई, जातो म्हनू नये, येतोच.